बोट मेलं पाहिजे

"सर, रक्त येऊन राहिलं."

पल्लवीनं हे इतक्या सहज सांगितलं की सोनाजीला वाटलं, पोरगी स्वतःच्या बोटाबद्दल बोलतेय. नव्यानं मेंडोलिन शिकणाऱ्याच्या बोटातून एखाददा रक्त येतंच. तारा लोखंडी, बारीक, त्यात एकेका सुराला दोन-दोन. कोवळं कातडं त्यांच्यापुढं किती टिकणार?

"फुंकर घाल अन् वाजव पुढं," तो म्हणाला.

"माझं न्हाई सर. तुमचं."

सोनाजीनं खाली पाहिलं. मेंडोलिनच्या मानेवर सातव्या पडद्याच्या धातूच्या पट्टीपाशी लाल डाग पसरला होता आणि त्याच्या डाव्या करंगळीच्या टोकातून तारेचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. सकाळी त्यानं नवी तार चढवली होती आणि उरलेलं टोक पकडीनं तोडलं होतं. त्यातलाच तुकडा. म्हणजे दोन तास तो बोटात तार घेऊन शिकवत बसला होता. त्यानं चिमटीत धरून तुकडा ओढला. चांगला जवभर लांब निघाला. ओढताना काहीच वाटलं नाही, दुसऱ्या कुणाच्या बोटातून काढावा तसा तो निघून आला.

समोर आठ जण माना वर करून पाहत होते. पण तीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस तो. ऐन गाण्यात तार तुटली तरी हसत राहायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"बगितलं का?" करंगळी वर धरून तो म्हणाला. "याला म्हणत्यात तयार बोट. मी काय सांगितलं होतं? पहिल्या महिन्यात बोट रडतंय, दुसऱ्या महिन्यात मरतंय, अन् तिसऱ्या महिन्यात?"

"गातंय," सगळे एकदम म्हणाले.

"मंग? बोट मेलं पाहिजे."

पोरं हसली. भिंतीला टेकून बसलेले माणिकरावही हसले. वय त्रेसष्ट, दहा एकर हळद, आणि बोटं अशी जाड की एका बोटाखाली दोन जोड्या दाबल्या जायच्या. तरी दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर.

कुरुंद्यात मेंडोलिन शिकायला आठ माणसं मिळतात, हे सांगून शेजारच्या वसमतच्या माणसालासुद्धा खरं वाटत नाही. पण मिळत होती. सोनाजी खिल्लारे तरुणपणापासून भीमगीतांच्या पार्टीत मेंडोलिन वाजवायचा. नांदेड, परभणी, वाशीम, कुठं म्हणून त्याच्या पार्टीचा आवाज पोचला नव्हता? मग कीबोर्ड आला. एका माणसात चार वाद्यं भागू लागली तेव्हा पार्ट्यांनी मेंडोलिनवाल्यांना हात जोडले. सोनाजीनं बंद पडलेल्या पार्ट्यांची जुनी मेंडोलिनं मागून आणली, दुरुस्त केली आणि विहाराशेजारच्या समाजमंदिरात रविवारचा वर्ग सुरू केला. हंगामात हळद शिजवायला जायचं, एरवी मिळेल ते काम, आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा मास्तरकी.

शिकवायची त्याची एक रीत होती. पहिले दोन रविवार नुसती तार छेडायची पत्ती धरायची. ती तो तेलाच्या डब्याच्या झाकणातून कापून द्यायचा. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये पत्ती; मोकळ्या तारेवर खाली-वर, खाली-वर. "मनगट हलू द्या, कोपर न्हाई." मेंडोलिनची मान कोंबडीच्या पिलासारखी धरायची, सुटूही नये आणि मरूही नये. त्यानंतर डावा हात. इथं तोंडी सांगून भागत नाही. बोट पडद्यावर नाही, पडद्याच्या जरासं अलीकडं पडलं पाहिजे, आणि दोन्ही तारा सारख्या दबल्या पाहिजेत. म्हणून सोनाजी प्रत्येकासमोर बसायचा, त्याचं बोट आपल्या बोटाखाली घ्यायचा आणि दाबायचा. सूर स्वच्छ निघेपर्यंत सोडायचा नाही. पोरीबाळी असोत की माणिकराव, सगळ्यांची बोटं त्याच्या बोटाखालून गेली होती.

दुपारी घरी आल्यावर बायकोनं, जनकाबाईनं, चहाचा पेला पुढं केला. सोनाजीनं तो डाव्या हातात घेतला आणि मुद्दाम करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पेल्याला चिकटवून ठेवलं. मधल्या बोटाला चटका बसला. या दोघांना काही नाही. त्यानं तळहाताची कड लावून पाहिली. काही नाही. करंगळी तर सरळच होईना. थोडी वाकून, रुसल्यासारखी बाजूला उभी. कधीपासून? सातव्या पडद्यावरचा सूर गेलं वर्षभर फसका निघत होता हे त्याला माहीत होतं. वय झालं, असं तो स्वतःला सांगत होता. फाल्गुनात हळद शिजवताना कढईचं झाकण उचललं तेव्हा हात भाजला आणि फोड आलेला संध्याकाळी जनकाबाईनं दाखवला, तेव्हाही तो हसून म्हणाला होता, वाजवणाऱ्याचा हात हाय, मेलेलाच असतोय.

आपलंच वाक्य आपल्याला असं चावेल हे कुणाला सुचतं?

"कोपरामागचं शिबं गेलं का गं?" त्यानं विचारलं.

जनकाबाईनं बाही वर सारून तो फिकट चट्टा पाहिला. "कुटं गेलं? वाढलंच की. मलम लावून लावून ट्यूब संपली. काहून, खाजवतंय का?"

"न्हाई."

खाजवत नव्हतं, हीच तर धास्ती होती. त्यानं डोळे मिटून जनकाबाईला सांगितलं, जरा नखानं टोच तिथं. ती म्हणाली, टोचलं की. त्याला कळलंच नव्हतं.

एक शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्यानं तो गिळला. रगतपिती. लहानपणी गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं तसा एक म्हातारा राहायचा. भाकरी दगडावर ठेवायची आणि मागं फिरायचं, हाताची बोटं बघायची नाहीत, असं पोरांना सांगितलेलं असायचं. त्याला पाणी वरून ओतायचे. सोनाजीनं पाणी वरून ओतताना आणखी एका ठिकाणी पाहिलं होतं. पाटलाच्या वाड्यासमोर त्याचा स्वतःचा बाप ओंजळ करून वाकलेला असायचा. ती ओंजळ बापानं मोडली, शिकून, भांडून, धम्म घेऊन मोडली. आणि आता, ज्यांच्या आज्यानं ते पाणी ओतलं त्यांची नातवंडं सोनाजीच्या सतरंजीवर बसत होती, त्याच्या हातात हात देत होती. बापाच्या वाट्याला जे जन्मानं आलं ते आपल्या वाट्याला रोगानं येणार की काय, या विचारात सोनाजीनं पेला खाली ठेवला. चहा तसाच गार झाला.

बुधवारी दारात पुनम उभी राहिली. पल्लवीची आई. गावातली आशा ताई. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मांची चळत, आणि सोबत तांड्यावरचा थावरा, बापेमाणसांना तपासायला.

"सर, कुष्ठरोगाचा सर्वे हाये. घरोघर चालू हाये. अंगावर चट्टा, कुटं सुन्नपणा, काही?"

सोनाजीनं पूर्ण बाहीचा सदरा घातलेला होता. रविवारपासून तो तोच घालत होता.

"काही न्हाई बगा."

"थावराभाऊ आत येऊन बगतील, दोन मिनिटं."

"आरं, मला काय होतंय? अंघोळ करून बसलो की. लिहा, निरंक." तो हसला. आवाज जरा जास्तच मोठा आला.

थावरानं पुनमकडं पाहिलं. सकाळपासून चाळीस घरं झाली होती. आणि मास्तर म्हणजे गावात मान असलेला माणूस. मास्तर कशाला खोटं बोलतील? थावरानं दारावर खडूनं खूण केली. पुनम जाता जाता थांबली आणि हसली.

"सर, गंमत बगा. आमी गावभर विचारत फिरून राहिलो, कुणाचं बोट सुन्न झालं का म्हणून. अन् तुमी पोरायला बोट मारायला शिकवून राहिले. पल्लवी रोज बोट दाबून बसती. म्हणती, आई, अजून मेलं न्हाई."

ती गेली. सोनाजी दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ उभा राहिला. वाचलो असं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. उलट असं वाटत होतं, की चोरी पचली तेव्हाच चोर पकडला गेला.

पुढच्या रविवारी वर्ग भरला. सोनाजीनं सगळ्यांना मोकळ्या तारा वाजवायला लावल्या, म्हणजे कुणाच्या बोटाला हात लावायला नको. राणीनं विचारलं, "सर, आज दाबून न्हाई दाखवत?" त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात पल्लवी उभी राहिली. दहा वर्षांची, दोन वेण्या, शाळेत कधी पहिली न आलेली पोर. तिनं फ्रॉकला लावलेली टाचणी काढली.

"सर, माझं बोट मेलं."

आणि सगळ्यांसमोर तिनं टाचणीचं टोक डाव्या हाताच्या पहिल्या बोटात दाबलं. खोल. ओठ घट्ट मिटलेले. रक्ताचा ठिपका वर आला.

"बगा. काहीच होत न्हाई."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माणिकराव म्हणाले, "अरे वा, ही तर आमच्या म्होरं गेली."

सोनाजीनं निरखून पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं का? उजेडाकडं तोंड होतं म्हणून चमकत होते, की दुखत होतं? दुखत असेल तर पोरगी खोटं बोलतेय, आणि तसं असेल तर सोनं झालं. पण खरंच लागलं नसेल तर? कित्येक महिने हिचं बोट आपण आपल्या बोटाखाली दाबलंय. तिचा हात हातात घेऊन पाहावं म्हणून तो पुढं झाला आणि हात मध्येच थांबला. शिवावं की नाही, हे त्याला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा सोनाजी खिल्लारे कुणाला शिवायला भ्याला.

"टाचणी दे इकडं," तो म्हणाला. "आजचा वर्ग बंद. जा घरी."

"शाबास न्हाई म्हणले सर?" पल्लवीनं विचारलं.

दुपारी तीन वाजता तो पुनमच्या अंगणात उभा होता. पुनम शेंगा निवडत बसली होती. ती उठू लागली तर त्यानं हातानंच बस म्हटलं, आणि स्वतः दहा पावलं लांब, कडुनिंबाखाली थांबला. मग सदऱ्याची बाही वर केली, कोपर तिच्याकडं वळवलं.

"बुधवारी मी खोटं बोललो, ताई. माझं नाव लिहा."

पुनमनं चट्टा पाहिला. मग वाकलेली करंगळी. तिला प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं तोंडपाठ होतं आणि ती ते म्हणालीही. "सर, घाबरायचं काम न्हाई. गोळ्या हायेत, फुकट हायेत, पूर्ण बरा होतो." आणि हे म्हणता म्हणताच तिचा चेहरा पांढरा पडला. शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"पल्लवी..." ती म्हणाली.

"त्याच्यासाठीच आलो," सोनाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकानं हाताला ठिकठिकाणी स्पर्श केला. जिथं कळेल तिथं बोट ठेवायचं. सोनाजी अंधारात वाट पाहत बसला. बराच वेळ काही झालं नाही म्हणून त्यानं विचारलं, "मॅडम, सुरू केलं का?" त्या म्हणाल्या, "झालं सुद्धा."

त्यांनी कोपराच्या खाचेतली नस चाचपली. मग समजावून सांगितलं. वर्षभर गोळ्या. पहिला डोस आत्ताच, समोर. त्यानंतर कुणाला लागण व्हायची भीती जवळजवळ नाहीच. हात लावल्यानं सहसा होत नाही; श्वासातून, तेही खूप दिवस जवळ राहून. करंगळीत गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण आणखी जाणार नाही. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "इतके दिवस कळलं कसं नाही हो तुम्हाला?"

काय सांगणार? की आमच्या धंद्यात यालाच प्रगती म्हणतात?

जवळच्या माणसांना तपासायचं आणि एकदाच घ्यायची एक गोळी द्यायची, असं मॅडम म्हणाल्या. पण त्यासाठी त्यांना कारण सांगावं लागतं, आणि ते सांगायला रुग्णाची परवानगी लागते. "तुमचा होकार असेल तरच."

परत येताना ऑटोत पुनमनं हळूच सांगितलं, "सर, मी एक करू शकते. सगळ्या शाळेलाच देऊन राहिलो असं सांगून देते गोळी. तुमचं नाव कुटं येणार न्हाई. मॅडमशी बोलते मी."

घरी जनकाबाईला ते कळलं तेव्हा ती रडायची थांबली. "देवासारखी पोरगी हाये ती. ऐका तिचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमी गोळ्या खा, वर्षाचा तर प्रश्न हाये. कुणाला काय कळतंय?"

सोनाजीला ते पटलं. खरंच पटलं. दोन दिवस तो त्या विचाराच्या उबेत राहिला. वर्ग तसाच चालेल, माणिकराव तसेच येतील, 'मास्तर' म्हणून हाक मारतील. तिसऱ्या दिवशी पुनम आली. वर्गातली दोन पोरं शाळेत तपासून झाली होती.

"सुन्न वाटतं का विचारलं तर दोघं बी फुशारकीनं 'व्हय' म्हणून राहिली, सर. टोचलं तरी 'लागत न्हाई' म्हणत्यात. पल्लवी तर माझ्यासमोर बी कबूल होईना. कुणाचं खरं अन् कुणाचं खोटं, कसं कळायचं? उद्या खरंच कुणाला झालं तर ते बी लपवील. तुमच्यासारखं." शेवटचा शब्द तिच्या तोंडून निसटला आणि ती ओशाळली.

गोळी नाव न सांगता देता आली असती. पण पोरांच्या डोक्यात बसवलेलं ते वाक्य नाव न सांगता कसं काढायचं? ते ज्यानं घातलं त्यालाच काढावं लागणार होतं, आणि का काढतोय हेही सांगावं लागणार होतं. सोनाजीनं पुष्कळ वाटा शोधल्या. एकही सापडली नाही.

रविवारी त्यानं आईबापांनाही बोलावलं. समाजमंदिर भरलं. लोकांना वाटलं, पोरांचं वाजवणं दाखवणार. सोनाजी सतरंजीवर बसला नाही, दारापाशी उभा राहिला.

"मला कुष्ठरोग झालाय," तो म्हणाला. मग वाटलं, सरकारी शब्दामागं लपतोय. "रगतपिती म्हणत्यात ती."

एका बाईनं आपल्या पोराचा हात धरून त्याला मांडीशी ओढलं. मुद्दाम नव्हे, आपसूक.

पुनम पुढं झाली. गोळी, तपासणी, लागण कशी होते आणि कशी होत नाही, सगळं तिनं सांगितलं. प्रश्न आले. आमच्या लेकराला झालं का? किती दिवसांनी कळतं? कुणी ओरडलं नाही. माणिकराव उठले, घसा साफ करून म्हणाले, "मास्तर, तुमी तोंडानं सांगितलं, हे लई मोठं काम केलं. दुसऱ्यानं लपवलं असतं." लोकांनी माना हलवल्या. सोनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, उगाच भ्यालो. माणसं चांगली आहेत.

मग तपासणी. पल्लवी पहिली. तिनं डोळे मिटले. पुनमनं पेनाचं टोक बोटाला लावलं.

"लागलं का?"

"न्हाई."

"पल्लवी, खरं सांग."

"न्हाई लागत, आई."

सोनाजी दारातूनच बोलला. "पल्लवी, ऐक माझं. मी चुकीचं शिकवलं. मेलेलं बोट गात न्हाई. माझी करंगळी वर्षापासून गात न्हाई, तुमी ऐकता न्हाई का, सातव्या पडद्यावर कसं फसकं निघतंय? कातडं कडक होतंय, ते येगळं. आतलं बोट जित्तंच पाहिजे. ज्याचं दुखतंय त्याचंच बराबर चाललंय. आता सांग."

पुनमनं पुन्हा टोक लावलं. पल्लवीची हनुवटी थरथरू लागली.

"लागलं," ती म्हणाली. "लई दुखतंय सर. रोजच दुखतंय. टाचणीचं तर लई दुखलं." आणि भोकाड पसरून रडायला लागली.

"शाबास," सोनाजी म्हणाला.

मग एकेक करत सगळ्यांची दुखू लागली. राणीचं दुखत होतं, दोघा भावांचं दुखत होतं, माणिकरावांचंसुद्धा दुखत होतं. ते म्हणाले, लाजेखातर सांगत नव्हतो. आठही जणांची बोटं जिवंत होती. आठही जणांनी पुनमसमोर गोळी घेतली. सोनाजी दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि किती तरी दिवसांनी त्याला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

वर्गातली सहा मेंडोलिनं सोनाजीची होती, दोघा भावांत मिळून एक; शिकणाऱ्यांना सरावाला घरी नेऊ द्यायचा. सोमवारी सकाळी जनकाबाईनं दार उघडलं तर ओट्यावर एक ठेवलेलं होतं, चादरीत गुंडाळून. मंगळवारी दोन. हाक कुणी मारली नव्हती. बुधवारी आणखी दोन आली, ठेवणाऱ्याची पावलं लांब जाताना ऐकू आली. सहावं पुनमनं आणलं. ती तेवढी आत येऊन बसली, पाणी मागून प्याली.

"सासूबाई नको म्हणून राहिल्या, सर. घरातले सगळेच. मी लई समजावलं. मी गावाला समजावते, घरच्यायला न्हाई समजावता येऊन राहिलं."

"गोळी घेतली ना सगळ्यायनं?"

"घेतली."

"मंग झालं," सोनाजी म्हणाला.

रविवारी त्यानं नेहमीप्रमाणं समाजमंदिर झाडलं, सतरंजी अंथरली. नऊचे दहा झाले. माणिकराव तरी येतील असं त्याला वाटत होतं. त्यांना काय, ना सासू ना सून, मनाचे मालक. आणि भर सभेत बोलले होते. अकरा वाजता त्यानं सतरंजी गुंडाळली.

घरी आला तर जनकाबाई ओट्यावर उभी होती.

"आणखी एक आलं बगा," ती म्हणाली. "आपली तर सहा झाली ना? हे कुणाचं चुकून आलं जनु."

काळी कडक पेटी होती, पितळी कड्यांची. सोनाजीनं ती उघडली. आत लाल मखमल, त्यात चकचकीत मेंडोलिन, आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात तेलाच्या डब्याच्या झाकणाची पत्ती. नांदेडच्या दुकानातून निवडून आणायला सोनाजी सोबत गेला होता. सहा वाजवून पाहिली होती आणि सातव्याला माणिकराव म्हणाले होते, मास्तर, तुमी म्हणाल ते. विकत घेतलेलं, त्यांचं स्वतःचं.

"चुकून न्हाई आलं," सोनाजी म्हणाला.

तो ओट्यावरच बसला. मेंडोलिन मांडीवर घेऊन त्यानं चारही जोड्या छेडल्या. तिसऱ्या जोडीतली एक तार उतरलेली होती. ती जोडी माणिकरावांना कधीच जुळवता यायची नाही, दर रविवारी पुढं करायचे. त्यानं खुंटी हळूहळू पिळली, दोन्ही तारांतून एकच सूर निघेपर्यंत. मग ते पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि आत नेऊन बाकीच्या सहांशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं.